पाठमोरे चार

छापशाळेत टेबलं चारच. त्यातलं खिडकीपाशचं धाकटीचं. धाकटी म्हणजे चौघांत वयाने लहान. तिचं खरं नाव मास्तरांच्या वहीत होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. ती बाळंतपणासाठी गेली तेव्हा मास्तरांनी तिच्या टेबलावर एक जुनी चादर अंथरली, आणि त्या चादरीवर कुणी चहाचा कप जरी टेकवला तरी ते अंगावर धावून जात. एवढी माया त्यांनी स्वतःच्या चष्म्यावरही कधी केली नव्हती. पण चादर म्हणजे काही कायमचा बंदोबस्त नव्हे. छापशाळेचा नियम साधा होता. वर्षातून एकदा भिंत भरायची. ज्याचं टेबल, त्याने त्या वर्षात तिथल्या मोठ्या दाबयंत्रावर काढलेले बारा छाप भिंतीवर टांगायचे. बारा भरले तर टेबल पुढच्या वर्षीही त्याचंच. अकरा भरले तर रांगेत जो पुढे असेल त्याचं. दुखणं असो, लग्नकार्य असो, बाळंतपण असो. मास्तर म्हणत, "यंत्राला कुठे ठाऊक असतं, कुणाच्या घरी काय चाललंय?"

रांगेत सगळ्यांत पुढे होती बॉबकट. कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरगी. हात धुवायच्या बेसिनवर आडवी फळी टाकून उभ्याउभ्या काम करायची, सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. "ताई, बाळ कसं आहे?" असं अगदी गोड विचारायची, पण विचारता विचारता तिची नजर धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीपाशच्या टेबलावर जाऊन बसायची. धाकटीला ते दिसायचं. धाकटीला सगळंच दिसायचं. तीच तर तिची पंचाईत होती.

ती परत आली तेव्हा भिंत भरायला दोन महिने उरले होते, मुलगी सहा महिन्यांची होती आणि हातात एकही छाप नव्हता. मुलीला घरात ठकी म्हणत. सकाळी नऊ ते बारा ठकी सासूबाईंकडे असायची आणि धाकटी टेबलाशी. तीन तास. खरं सांगायचं तर तिला त्या टेबलाची ओढ कलेसाठी होती की काय, याबद्दल तिचं तिलाच खात्रीने सांगता आलं नसतं. त्या तीन तासांत तिला कुणी 'ठकीची आई' म्हणत नसे. कुणी रडलं तर ते तिने बघायचं नसे. एका खणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली एकट्या तिच्याकडे होती. हे टेबल गेलं तर हे सगळं जाणार, आणि घरच्या दोन खोल्यांत असा खण कुठेच नव्हता.

पूर्वी ती माणसं कोरायची. जिन्यावरची, रांगेतली, छत्र्यांखालची. आता लिनोचा, म्हणजे कोरायच्या रबरासारख्या जाड पट्टीचा, कोरा तुकडा पुढ्यात घेतला की डोक्यात नुसते आकडे येत. सव्वासहाला पाजलं, उजवीकडे. आठ दहाला डावीकडे, अर्धवट. लंगोट तीन. हे सगळं ती एका वहीत लिहून ठेवायची. दवाखान्यातल्या नर्सने वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून सहज म्हटलं होतं, "रेघ जरा आडवी पडलीय, बघू पुढच्या महिन्यात." नर्स सहज म्हणाली, पण धाकटीने ते सहज घेतलं नाही. तेव्हापासून वहीला दोन रकाने वाढले.

असे बारा-पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी ठकीला खांद्यावर टाकून, ढेकर यावी म्हणून तिची पाठ थोपटत, ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. गॅस बंद आहे ना ते तिने पाहिलं. मग परत पाहिलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर नखाएवढी चंद्रकोर होती.

अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी हळवं यावं अशी अपेक्षा असते. तिच्या मनात आलं, हे कोरायला सोपं आहे. गोल तोंडाची कोरणी एकदाच फिरवायची, दुसरा हात मारायचा नाही. प्रेरणा म्हणून जिचा एवढा बोभाटा असतो, ती अशी कामचुकार तोंडवळ्याची निघेल असं तिला वाटलं नव्हतं. पण दारात आलेल्या पाहुण्याला नावं कशाला ठेवा? तिने ठकीला सासूबाईंच्या हातात दिलं.

"आई, धरा हिला तीन मिनिटं."

"आता काय?"

"आज कितवी तिथी?"

"तृतीया. का? कुणी यायचंय?"

धाकटी ट्रेसिंगचा कागद आणि पेन्सिल घेऊन खिडकीला चिकटली. टाकीची कड, तिच्यावरची वाकडी नळी आणि वर ती कोर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत गेली. कोर टाकीवरून वर सरकली होती आणि अंगाने जराशी भरली होती. तिसऱ्या दिवशी आणखी. कुणी पाजत नव्हतं, कुणी वजन करत नव्हतं, आणि हा आपला रोज वाढत होता. तिला त्याचा चक्क हेवा वाटला. तिने बोटांवर मोजलं. तृतीया ते चतुर्दशी, बारा. पौर्णिमा नकोच, पौर्णिमेला कोरायला काही उरत नाही, नुसतं गरगरीत भोक. बारा चौकोन, सगळे एका मापाचे, सगळ्यांत चंद्र तेवढाच मोठा. बदलायचा फक्त उजेडाचा भाग, आणि ज्या वस्तूच्या आडून तो दिसला ती वस्तू.

वस्तू बदलायची कारण चंद्र एका जागी भेटत नसे. पहिले दोन-तीन दिवस तो संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे स्वयंपाकघरात. मग माथ्यावर, म्हणजे गॅलरीत मान मोडून. शेवटी शेवटी पूर्वेला, म्हणजे जिन्यातल्या जाळीतून, आणि जिन्यात उभं राहिलं की वरच्या मजल्यावरच्या बाई "काही हरवलंय का?" म्हणून विचारायच्या. सासूबाई ठकीला कडेवर घेऊन मागोमाग यायच्या. तीन मिनिटांची त्यांची बोली होती, पण सोबत करायची म्हणून त्याही वर बघायच्या.

"घरभर फिरतेस त्याच्या मागे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडे एवढं टक लावून पाहिलं नाही."

"तुम्ही रोज थोड्या थोड्या वाढत नव्हतात, आई."

"वाढत होते की. त्यांनी पाहिलं नाही म्हणून काय झालं!"

कोरून छापायच्या कामात एक मेख असते. रबरी शिक्का हातात घेऊन पाहिलेल्या कुणालाही ती ठाऊक असते. शिक्क्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून ब्लॉकवर, म्हणजे कोरायच्या लिनोवर, चित्र उलटं उतरवावं लागतं. त्याची सोपी रीत आहे. ट्रेसिंगवर जसं दिसलं तसं काढायचं, मग तो कागद लिनोवर पालथा घालायचा आणि मागून घासायचा. पेन्सिलीची रेघ लिनोवर उमटते, आपोआप उलटी. मग कोरा, छापा, कागदावर सुलटं येतं. धाकटीने हे शेकड्याने केलं होतं. झोपेत केलं असतं तरी चुकलं नसतं.

झोपेत केलं असतं तर, हेच खरं. पण पंचमीला रात्री ठकीला ताप भरला, आणि पुढचे चार दिवस धाकटी डोळ्यांत तेल घालून जागी होती. एकशे एक. एकशे दोन. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साधा ताप आहे, औषध द्या, पाणी द्या, उतरेल. धाकटीने औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचली, झाकणात औषध ओतलं, उजेडात धरून रेघ पाहिली, परत बाटलीत ओतलं आणि पुन्हा मोजून ओतलं. थर्मामीटर एकदा लावून तिचा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा लावलं की आकडा जरा वेगळा यायचा, म्हणून तिसऱ्यांदा. दाराची कडी, गॅस, नळ, सगळं दोनदा. तिचा नवरा म्हणाला, "अगं, एकदा बघितलं ना?" तिने उठून कडी पुन्हा ओढून पाहिली.

षष्ठीच्या संध्याकाळी ती काही उठायला तयार नव्हती.

"तू इथे बसून हिचा ताप उतरणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "जा, तीन मिनिटं बघून ये. मी आहे ना. मीही एक वाढवलाय, जिवंत आहे अजून."

ती गेली. काढून आणलं. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कान आतल्या खोलीकडे लावून, रोजच्यासारखं लिनोवर उतरवायला घेतलं. पण त्या चार दिवसांत एकदा केलेल्या कशावरच तिचा भरवसा नव्हता. कागद पालथा घालण्याआधी तिच्या मनात पाल चुकचुकली. हे उलटं करायचं असतं ना? केलं का? ट्रेसिंगचा कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. तिने तो उलटवला, मागच्या बाजूने रेघ पुन्हा ठळक काढून घेतली, आणि मग रीतीप्रमाणे पालथा घातला. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, नवमी. चारही दिवस. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं, हे तिला दुसरीतल्या मुलाने विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिला कुणी विचारलं नाही.

दशमीला सकाळी ठकीचा ताप उतरला. दशमीचा चंद्र तिने एकदाच पालथा घातला.

पुढे महिनाभर ठकी दुपारी झोपली की ती कोरत बसायची. कोरताना दिशा बघायची नसते. बघितली की डोकं गरगरतं. काढलेल्या रेघेवर सोडून द्यायचं असतं. मग सकाळी छापशाळेत एकेक ब्लॉक यंत्राखाली घालून पाच पाच प्रती काढायच्या. पाच झाल्या की मास्तरांसमोर त्या ब्लॉकवर लोखंडी टोच्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारायची, म्हणजे सहावी प्रत कधी निघणार नाही. ही छापशाळेची जुनी शिस्त. दुसरी एक शिस्त अशी की छाप खराब निघाला तर ज्याचा त्याने तो फाडायचा. खराब आहे असं म्हणायचा हक्क फक्त छापणाऱ्याचा. दुसऱ्याने म्हणायचं नाही, अगदी मास्तरांनीही नाही. त्यांच्या डोळ्यांना डाग दिसला की ते चष्मा काढून पुसत बसत, आणि ज्याला समजायचं त्याला समजे.

एकेकटा पाहिला तर चंद्र उजवीकडून उजळला काय आणि डावीकडून काय, चंद्रच दिसतो. ओले छाप जाळीच्या फडताळात एकावर एक वाळत पडायचे. बारा एका ओळीत कुणी पाहिलेच नव्हते.

भिंत भरायच्या दिवशी सकाळी धाकटीने ते टांगायला घेतले. बॉबकट तिला टाचण्या देत होती. धाकटीची नजर कागदाच्या वरच्या कडेवर होती. कड सरळ, दोन छापांमध्ये चार बोटं, पुन्हा कड. बारावा लावून ती टाचण्यांची डबी बंद करत होती तेवढ्यात दारात सासूबाई उभ्या. कडेवर ठकी, चेहरा लालबुंद.

"बाटली तोंडात धरायला तयार नाही," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुझी तू बघ." आणि मग भिंतीकडे बघून, "अगंबाई. हे आपल्या घरातले ना? ही टाकी. हा जिना." त्या पहिल्यापासून एकेकापुढे थांबत चालू लागल्या आणि चौथ्यापाशी अडल्या. "हे मधले चार पाठ फिरवून का बसलेत? रुसले का?"

धाकटीने मान वर केली.

पहिले तीन उजवीकडून उजळलेले, एकापेक्षा एक भरत जाणारे. मग चार, उजेड डावीकडे, जणू मध्येच कुणीतरी हाक मारली आणि चंद्र मागे वळला. मग पुन्हा पाच सरळ. गॅलरीचा कठडाही त्या चारांत उलट्या बाजूला गेला होता. एवढं स्वच्छ दिसत होतं की ते आधी कसं दिसलं नाही, हेच कळेना. ठकीने तिच्या ओढणीला झोंबायला सुरुवात केली होती. धाकटीने तिला घेतलं आणि मोजलं. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, नवमी. तिला कारण शोधावं लागलं नाही.

मास्तर यंत्रापाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"छान वाटतंय, ताई," बॉबकट म्हणाली. "मी तर मुद्दामच समजत होते. मध्येच मागे बघतोय असं."

"पेन्सिलीचं काम राहिलंय तुझं," मास्तर कुणाकडेही न बघता म्हणाले. "चारला मी वही घेऊन बसतो. पाचला लोक येतील."

पेन्सिलीचं काम म्हणजे छापाखालच्या कोऱ्या पट्टीत डावीकडे कितवी प्रत ते लिहायचं, मध्ये नाव, उजवीकडे सही. सही झाली की छाप पुरा. मग तो चांगला, असं छापणाऱ्याने म्हटलं असं होतं.

बेसिनमागच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून ती ठकीला पाजत बसली. सासूबाई आडोसा करून उभ्या राहिल्या. नवा कोरून छापायचा म्हटलं तर शाई वाळायलाच तीन दिवस. जुन्या ब्लॉकवर काटा मारलेल्या. चार काढून टाकले तर उरले आठ.

"चुकलं ना काहीतरी?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"मोठं?"

"फाडायला लागले तर टेबल जाईल. त्या मुलीला मिळेल."

"फाड असं कोण म्हणतंय?"

"कुणीच नाही म्हणणार. मीच म्हणायचं असतं."

"मग म्हणू नकोस!" सासूबाईंना यात गहन काय आहे ते कळेना. "कुणाला कळणार आहे? आकाशात बघतंय कोण हल्ली?"

"तुम्हाला कळलं."

"मी रोज तुझ्यामागे उभी होते म्हणून. नाहीतर मला मेलीला काय कळतंय?" त्यांनी पदराचा आडोसा सरळ केला. "पण चांगला दिसत नाही गं तो असा. अष्टमीला मी ठकीला आत ठेवून दोन मिनिटं बाहेर आले होते. तो या बाजूला होता. मला आठवतंय, कारण तू रडत होतीस आणि तुझ्याकडे बघायला नको म्हणून मी त्याच्याकडे बघत होते."

धाकटीला हे माहीत नव्हतं. ठकी पिता पिता थांबली, आईकडे बघून खुदकन हसली आणि पुन्हा चिकटली. वजनाची रेघ आता बरी होती. मागच्या आठवड्यात नर्सने मान हलवली होती.

चार वाजायच्या आत तिने पेन्सिल घेतली. पहिल्या तिघांखाली लिहिलं, तृतीया, चतुर्थी, पंचमी, आणि सह्या केल्या. चौथ्यापाशी ती थांबली. नुसतं 'षष्ठी' लिहिलं की झालं. टेबल, खण, तीन तास. खोटं असं त्यात काही नव्हतं. तो षष्ठीलाच काढला होता. बॉबकटने तर नावही सुचवलं होतं, मागे बघणारा चंद्र. लोकांना आवडलं असतं. तिने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग बारीक अक्षरात लिहिलं:

षष्ठी. उलटा पडला. ठकीला ताप, एकशे एक.

लिहिल्यावर ती दोनदा वाचायला थांबली नाही. पुढच्याखाली, सप्तमी. उलटा. एकशे दोन. त्याच्या पुढे, अष्टमी. उलटा. एकशे दोन, औषध चार वेळा. मग, नवमी. उलटा. शंभर. आणि आठव्या छापाखाली, दशमी. ताप नाही. पुढचे चार नुसत्या तिथींचे. बाराच्या बारांवर तिने सही केली.

मास्तर वही काखेत मारून आले. ते प्रत्येक छापासमोर उभे राहून खालची ओळ ओठ हलवत वाचत. चौथ्यापाशी त्यांचे ओठ थांबले. त्यांनी चारही वाचले, मागे आले, पुन्हा वाचले.

"हे काय लिहिलंस?"

"झालं ते."

"स्वतःच्या मालावर 'नासका' अशी चिठ्ठी लावून कुणी दुकान मांडतं का?"

"नासका नाही लिहिलं, मास्तर. उलटा लिहिलंय."

"मला वाचता येतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मी नव्हतो विचारणार. चष्मा पुसून मोकळा झालो होतो. आता तूच लिहिलंस म्हणून विचारावं लागतंय. खराब आहेत म्हणतेस का? म्हणत असशील तर सांग. मी आठ लिहितो आणि तू ते उतरवून फाडायचे. सगळ्यांसमोर."

बॉबकट बेसिनपाशी ब्रश धूत होती. तिने नळ बंद केला. सासूबाईंनी ठकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. धाकटी अष्टमीच्या जवळ गेली. तिने तो छाप जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला, वरून खाली, कडेने, मग तिरका. काळा रंग सपाट आणि भरलेला. चंद्राची कड एका हातात फिरलेली, कुठे अडखळ नाही. कागदाला सुरकुती नाही, बोटाचा ठसा नाही. ताप असताना रेघ अशी निघाली होती, आणि ताप उतरल्यावर ती तशीच कोरली होती.

"नाही," ती म्हणाली. "खराब नाहीत."

"उलटे आहेत आणि खराब नाहीत?"

"शाई बसलीय. दाब बरोबर आहे. चुकले आहेत, ते मी लिहिलंय. फाडण्यासारखं काही नाही त्यात."

"मग लिहिलंस कशाला?"

"नाहीतर लोक म्हणतील, काय सुचलंय! मला काही सुचलं नव्हतं. मी घाबरले होते आणि सगळं दोनदा करत होते."

कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ वर्षानुवर्षं फक्त झाडं कोरत बसायचे. ते कधी बोलत नसत. बॉबकटला तर ते मुके आहेत असंच वाटायचं. ते मान वर न करता म्हणाले, "तिने सांगितलं ना, खराब नाहीत? मग झालं. नियम तुझाच आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, नियमाकडे पाहता येत नाही म्हणून. मग वहीत लिहिलं. धाकटीला जागेवरून दिसत होतं. एक आणि दोन. बारा.

"पुढच्या वर्षी मांजर कोर," ते पेन बंद करत म्हणाले. "कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी कुणी विचारत नाही."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचं त्यांच्या तोंडावर एवढं दिसलं की ठकीनेही त्यांच्याकडे वळून बघितलं. "चला, झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "मी हिला घेऊन पुढे होते. तू ये सावकाश."

बॉबकट मात्र जागची हलली नव्हती. तिचे हात अजून ओले होते.

"मग काहीही चालतं का, मास्तर? खाली लिहिलं की?"

"लिहून बघ," मास्तर म्हणाले. "आधी बारा आण." आणि यंत्राच्या पलीकडे निघून गेले.

बॉबकट धाकटीच्या टेबलापाशी आली. पहिल्यांदाच तिने टेबलाकडे न बघता थेट तिच्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही मुद्दाम केलं असतंत ना, तर मला राग आला नसता."

"आता येतोय?"

"हो." तिने ओठ चावला. "चुकून केलेलंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्याचा येतोय."

बॉबकट बेसिनकडे परत गेली, फळी उचलून भिंतीला लावली, आणि लोक यायच्या आत बेसिन घासायला लागली. ती नीट घासत होती, कडांमधून, नळाच्या मागून.

धाकटीने कोरण्या एकेक पुसून खणात ठेवल्या. हे टेबल बारानंतर रोज रिकामं असतं, हे तिच्या मनात आलं. दुपारभर, संध्याकाळपर्यंत, खिडकीतला सगळा उजेड त्याच्यावर पडून वाया जातो. 'बारानंतर तू बस इथे', एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बॉबकटची पाठ तिच्याकडे होती आणि ती अजून घासत होती.

धाकटीने खण लावला, ओढून पाहिला, आणि किल्ली पिशवीत टाकली.